प्रस्तावना : समुद्रातील सूक्ष्म कवचे, त्यांची घडण आणि त्यांचे वाचन

समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांपासून स्वतःभोवती खनिजाचे कवच रचणारे एकपेशीय जीव, त्या कवचांच्या घडणीची रीत आणि ती अभ्यासण्याची शास्त्रीय साधने हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. या जीवांचे तीन मोठे समूह वाचकाला पुढील पानांत वारंवार भेटतील : कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याची, बहुतेक वेळा अनेक कप्प्यांची कवचे बांधणारे फोरामिनिफेरा; त्याच द्रव्याच्या अतिसूक्ष्म चकत्यांनी अंग झाकून घेणारी कॉकोलिथोफोर नावाची शैवाले; आणि सिलिकाची, म्हणजे वाळू व काच ज्या द्रव्याची असते त्याची, नक्षीदार कवचे घडवणारी डायाटम शैवाले. फोरामिनिफेराचे कवच सामान्यतः मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून एक मिलिमीटरपर्यंत असते, तर कॉकोलिथोफोरची एक चकती मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शांत मोजावी लागते. या कवचांकडे पाहणारी दोन शास्त्रे दीर्घकाळ आपापल्या वाटेने चालत राहिली. जीवशास्त्राने जिवंत पेशी कवच कसे घडवते हे विचारले. भूशास्त्राने मेलेल्या पेशीचे कवच गाळातून काढून त्यावरून जुन्या समुद्राचे तापमान, क्षारता आणि वारे यांचा हिशेब मांडला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती असल्याखेरीज दुसऱ्याचे उत्तर विश्वासार्ह ठरत नाही, कारण कवच हे पाण्यातून आपोआप साचलेले खनिज नसून पेशीने आपल्या सोयीने निवडलेले, गाळलेले आणि बदललेले द्रव्य असते, ही या ग्रंथाची मध्यवर्ती भूमिका आहे.

दिल्लीत यमुनेच्या पूर्व काठावर, मयूर विहारसारख्या वस्तीत राहणाऱ्या वाचकाला हजारभर किलोमीटर दूरच्या समुद्रातील या जीवांशी आपला काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या वस्तीलगतच्या नदीपात्राचे सारे वार्षिक जीवन, खादरातली, म्हणजे पूरमैदानातली शेती, पुराची भीती आणि उन्हाळ्यातली पाण्याची चणचण, नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर अवलंबून आहे, आणि त्या वाऱ्यांचा जुना इतिहास ज्या मोजक्या दप्तरांत टिकून राहिला आहे त्यांपैकी एक महत्त्वाचे दप्तर अरबी समुद्राच्या तळावरील गाळात आहे. 13 जुलै 2023 रोजी दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी यमुनेची पातळी 208.66 मीटरवर पोहोचली आणि 1978 सालचा 207.49 मीटरचा उच्चांक मोडला गेला. त्या दिवसांत पूरमैदानातील रहिवाशांना मयूर विहार परिसरातील रस्त्यांच्या कडेला तंबूंत आसरा घ्यावा लागला. अशी घटना किती दुर्मीळ, ती आधी किती वेळा घडली असेल, मोसमी पाऊस शतकानुशतके स्थिर होता की त्यात मोठे चढउतार होते, असे प्रश्न अशा वेळी साहजिकच उभे राहतात. भारतीय हवामान खात्याची स्थापना 1875 सालची आहे, आणि देशव्यापी पर्जन्यनोंदी साधारण तेवढ्याच जुन्या आहेत. दीडशे वर्षांपलीकडे जायचे तर माणसाने केलेली मोजमापे अपुरी पडतात आणि झाडांच्या खोडांतील वलये, गुहांतील चुन्याचे स्तंभ व सागरी कवचे यांच्याकडे वळावे लागते.

या विषयाचा आरंभ नावे देण्यापासून आणि चुकीच्या वर्गीकरणापासून झाला. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आल्सिद दॉर्बिन्यी याने 1826 मध्ये फोरामिनिफेरा हा गट मांडला तेव्हा कप्पेदार, गुंडाळीदार कवच पाहून त्याने हे जीव माखल्यांच्या नात्यातले, म्हणजे डोके व बाहू असलेले मृदुकाय प्राणी मानले. 1835 मध्ये फेलिक्स द्युजार्दँ याने जिवंत नमुने पाहून ते अत्यंत साधे, अवयवरहित जीव असल्याचे दाखवले. केवळ कवच पाहणे आणि जीव पाहणे यांतील अंतर या विषयाच्या पहिल्याच दशकात असे उघड झाले. पश्चिम भारताचाही या इतिहासात वाटा आहे. मुंबईच्या वैद्यकीय सेवेतील शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर हा अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या ‘पॅलिन्युरस’ जहाजावर होता. त्याने तेथील फोरामिनिफेरांच्या कवचांची अंतर्रचना अभ्यासली, पश्चिम भारताच्या भूशास्त्रावरील निबंधांचा संग्रह 1857 मध्ये मुंबईत संपादित केला आणि 1859 मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील ज्या दगडाला त्याने मिलिओलाइट म्हटले त्यात मिलिओलिड गटातील फोरामिनिफेरांची कवचे मोठ्या प्रमाणात आढळतात. हाच दगड पोरबंदरी दगड म्हणून मुंबईत आला आणि शहराच्या अनेक जुन्या इमारतींत लागला. दिल्लीच्या उत्तरेला हिमाचल प्रदेशातील सुबाथूच्या खडकांत न्युम्युलाइट ही नाण्याच्या आकाराची फोरामिनिफेरा सापडतात, आणि आज डोंगर असलेल्या त्या भागात सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्र होता याचा ती प्रत्यक्ष पुरावा आहेत.

खोल समुद्राच्या तळाची व्यवस्थित ओळख 1872 ते 1876 या काळातील ‘चॅलेंजर’ जहाजाच्या मोहिमेने करून दिली. समुद्रतळाचे विस्तीर्ण प्रदेश ग्लोबिजेरिना या तरंगत्या फोरामिनिफेरांच्या कवचांनी बनलेल्या चिखलाने झाकलेले आहेत हे त्या मोहिमेतून स्पष्ट झाले, आणि हेन्री ब्रॅडी याने 1884 मध्ये प्रसिद्ध केलेला तिच्या फोरामिनिफेरांवरील वृत्तान्त आजही जाती ओळखताना उघडला जातो. भारतीय उपखंडाभोवतीच्या समुद्राचा असा पद्धतशीर अभ्यास मात्र 1960 च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर उभा राहिला. त्या मोहिमेतून मिळालेल्या प्रेरणेने 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथे तिचे मुख्यालय आहे, आणि ‘गवेषणी’ या तिच्या जहाजाने 1976 पासून गाळाचे नमुने आणण्याचे काम भारतीय हातांत आणले. मराठी वाचकाच्या अगदी शेजारी, मांडवी आणि झुवारी या नद्यांच्या मुखाशी असलेल्या या संस्थेत फोरामिनिफेरांवर जे काम झाले त्याचा आधार प्रस्तुत विवेचनाला वारंवार घ्यावा लागला आहे.

कवच घडण्याच्या प्रक्रियेचा विचार करताना एक विसंगती प्रथम लक्षात घ्यावी लागते. उष्ण कटिबंधातील समुद्राचे पृष्ठजल कॅल्शियम कार्बोनेटने अतिसंपृक्त असते, म्हणजे त्यात ते द्रव्य साचून खाली बसण्यास लागते त्याहून कितीतरी अधिक विरघळलेले असते, तरीही त्यातून स्फटिक सहसा आपोआप तयार होत नाहीत. पाण्यात कॅल्शियमच्या पाचपटीहून थोडे अधिक मॅग्नेशियम असते आणि ते कॅल्साइट या खनिजाच्या वाढत्या स्फटिकाला अडथळा आणते; विरघळलेले सेंद्रिय पदार्थ आणि फॉस्फेट यांचाही असाच परिणाम होतो. त्यामुळे कवच हवे असलेल्या पेशीला तीन कामे करावी लागतात : पाण्याचा काही भाग बाहेरच्या समुद्रापासून वेगळा करून आपल्या ताब्यात घेणे, त्यातील नको असलेले आयन बाजूला सारणे, आणि स्फटिकाने कोठे व कोणत्या दिशेने वाढावे हे एखाद्या सेंद्रिय साच्याच्या साहाय्याने ठरवणे. तिन्ही समूह ही कामे करतात, परंतु प्रत्येकाची रीत इतकी वेगळी आहे की त्यांच्या कवचांची रासायनिक भाषाही वेगवेगळी झाली आहे.

फोरामिनिफेराचे कवच एकेक कप्पा जोडत वाढते. तळावर राहणाऱ्या अनेक जाती नवा कप्पा बांधण्यापूर्वी पेशीद्रवाचे धाग्यांसारखे फाटे बाहेर पसरून आजूबाजूचे कण गोळा करतात आणि त्यांचे संरक्षक आवरण स्वतःभोवती रचतात. त्या आवरणाच्या आत पेशीद्रव नव्या कप्प्याच्या आकाराचा फुगवटा धारण करते, त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ सेंद्रिय पडदा तयार होतो, आणि त्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना कॅल्साइट साचू लागते. फ्लुरोसंट, म्हणजे विशिष्ट प्रकाशात चमकणारे रंगद्रव्य वापरून केलेल्या प्रयोगांत असे दिसले आहे की बांधकामाच्या वेळी पेशीच्या आतील काही जागी सामू, म्हणजे आम्लता वा अल्कता दाखवणारा अंक, 9 च्या वर चढतो, तर बाहेर सोडलेल्या हायड्रोजन आयनांमुळे कवचालगतच्या पाण्याचा सामू उतरतो. बाहेर आम्लता वाढली की पाण्यातील बायकार्बोनेटचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते, तो वायू पेशीत सहज शिरतो आणि आतील अल्कधर्मी वातावरणात कार्बोनेट बनून कॅल्शियमशी जुळतो; म्हणजे पेशी ऊर्जा खर्च करून आपल्या भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेगळी रसायनशास्त्रे चालवते. कप्पा काही तासांत उभा राहतो. याच वेळी अशा रीतीने कवच बांधणाऱ्या बऱ्याच जातींत नव्या कॅल्साइटचा एक थर आधीच्या सर्व कप्प्यांवरही चढतो, त्यामुळे जुन्या कप्प्याची भिंत ही त्या एका क्षणाची नोंद नसून पुढच्या प्रत्येक बांधकामाचा थर तिच्यात मिसळलेला असतो. मिलिओलिड गट याहून निराळा वागतो : तो कॅल्साइटच्या सूक्ष्म सुया पेशीच्या आत लहान पिशव्यांत तयार करतो आणि मग त्या भिंतीच्या जागी नेऊन रचतो, म्हणून त्याचे कवच चिनीमातीसारखे अपारदर्शक दिसते आणि त्यात मॅग्नेशियमही पुष्कळ जास्त असते.

कॉकोलिथोफोरमध्ये सारे बांधकाम पेशीच्या पोटातच होते. गॉल्जी पिंडापासून, म्हणजे पेशीतील द्रव्ये गोळा करून पाठवणाऱ्या पडद्यांच्या चळतीपासून, निघालेल्या एका पुटिकेत लंबगोल सेंद्रिय तळपट्टी तयार होते, तिच्या कडेवर कॅल्साइटचे अगदी लहान स्फटिक एकामागून एक बसतात, आणि त्यांतील एकाआड एक स्फटिकांचा अक्ष उभा व आडवा राहील अशा क्रमाने ते वाढतात. आम्लधर्मी बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या साखळ्या, स्फटिकाची कोणती बाजू वाढू द्यायची आणि कोणती रोखायची हे ठरवतात. एमिलिआनिया हक्सलेई या जगभर आढळणाऱ्या जातीत अशी एक चकती सुमारे तासाभरात पूर्ण होते आणि मग पेशीच्या पृष्ठभागावर ढकलली जाते. थॉमस हक्सली याने 1858 मध्ये अटलांटिकच्या तळावरील चिखलात या चकत्या पाहून त्यांना नाव दिले, परंतु त्या जीवजन्य असल्याचे प्रतिपादन हेन्री सॉर्बी आणि जॉर्ज वॉलिक यांनी 1860 च्या सुमारास केले. चकत्या इतक्या विपुल असतात की या शैवालाचा बहर आला म्हणजे समुद्राचा पृष्ठभाग दुधाळ निळा होतो आणि उपग्रहांवरून दिसतो.

डायाटमचे कवच एकात एक बसणाऱ्या दोन भागांचे, डबी आणि तिच्या झाकणासारखे असते. पेशी विभागली की प्रत्येक संततीला जुना एक भाग मिळतो आणि दुसरा, आत बसणारा भाग नव्याने घडवावा लागतो. परिणामी एका शाखेतील कवचे पिढ्यान्‌पिढ्या लहान होत जातात, आणि आकार एका मर्यादेखाली गेला की लैंगिक प्रजननातून फुगीर बीजपेशी तयार होऊन मूळ आकार परत येतो. सिलिका साचण्याची जागा ही पेशीतील एक चपटी पुटिका असते आणि तिच्या आतील वातावरण, कॅल्साइट घडवणाऱ्यांच्या अगदी उलट, आम्लधर्मी असते. सिलाफिन नावाची प्रथिने व लांब साखळीची पॉलिअमाइन ही संयुगे तेथे सिलिकाचे कण एकत्र आणतात; 1999 मध्ये निल्स क्रोगर व त्याच्या सहकाऱ्यांनी डायाटममधून वेगळी केलेली सिलाफिने सिलिसिक आम्लाच्या द्रावणात मिसळताच काही सेकंदांत सिलिकाचे सूक्ष्म गोळे तयार होतात असे दाखवले. तापवलेल्या भट्टीत जे द्रव्य वितळवावे लागते ते ही पेशी समुद्राच्या साध्या तापमानाला घडवते, म्हणून द्रव्यविज्ञानातील संशोधकांचेही या जीवांकडे लक्ष असते. डायाटम गोड्या पाण्यातही राहतात, यमुनेच्या पाण्यातही असतात, आणि त्यांच्या गोड्या पाण्यातील जातींवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत काम चालते. प्रस्तुत ग्रंथ मात्र सागरी जातींपुरता मर्यादित आहे.

जीव मेल्यावर त्याच्या कवचाचे काय होते, हा भूशास्त्राचा पहिला प्रश्न असतो. तरंगत्या फोरामिनिफेराची पेशी पुनरुत्पादनाच्या वेळी आपले जवळजवळ सारे द्रव्य असंख्य बीजपेशींच्या रूपाने बाहेर टाकते आणि रिकामे कवच खाली बसू लागते. सुमारे साडेचार-पाच किलोमीटरपेक्षा खोल पाण्यात थंडी, दाब आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांमुळे कॅल्साइट विरून जाते, म्हणून हिंदी महासागराच्या मध्यभागातील खोल तळावर चुन्याची कवचे टिकत नाहीत आणि सिलिकायुक्त गाळ पसरलेला दिसतो. पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ आणि मध्यम खोलीवर मात्र ती उत्तम राहतात. वरून काय पडते हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी 1986 पासून अरबी समुद्रात गाळ-सापळे, म्हणजे पाण्यात टांगलेली आणि ठरावीक दिवसांनी बाटली बदलणारी मोठी नरसाळी, बसवले. आर. आर. नायर, वेणुगोपालन इट्टेक्कोट आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तळाकडे जाणारा कणांचा ओघ स्पष्टपणे वाढतो. म्हणजे तळावर साचलेले कवच वर्षातील सर्व महिन्यांचे सारखे प्रतिनिधित्व करत नाही. ज्या ऋतूत ती जाती फोफावते त्या ऋतूचे वजन त्यात अधिक असते.

गाळातून कवच हाती येईपर्यंतचे काम हे मुख्यतः धुण्याचे, चाळण्याचे आणि वेचण्याचे असते. जहाजावरून तळात पोकळ नळी घुसवून गाळाचा उभा गाभा काढतात, तो प्रयोगशाळेत उभा चिरून त्याचे एक-दोन सेंटिमीटर जाडीचे काप पाडतात, प्रत्येक काप सुकवून, वजन करून, पाण्यात भिजवून 63 मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेने धुतात. चिकणमाती निघून जाते आणि चाळणीवर वाळूसारखा भासणारा अवशेष राहतो. तो भट्टीत सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या तबकडीवर पसरला की त्यातील बराचसा भाग कवचांचा असल्याचे दिसते. अगदी बारीक कुंचल्याचे टोक ओले करून संशोधक एकेक कवच उचलतो आणि आकडे घातलेल्या चौकोनांच्या पट्टीवर जातीनुसार मांडतो; एका नमुन्यातून साधारण तीनशे कवचे मोजण्याची प्रथा आहे. नमुना घेताना कोणते जीव जिवंत होते हे कळण्यासाठी पेशीद्रवाला गुलाबी रंग देणारे रोझ बेंगॉल वापरतात, डायाटम मिळवण्यासाठी आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड घालून सेंद्रिय द्रव्य आणि चुना घालवतात, आणि कॉकोलिथ ध्रुवित प्रकाशात पाहतात, कारण तेथे प्रत्येक जातीचे स्फटिक आपापल्या ठरावीक आकृतीत उजळतात.

काही प्रश्नांना एवढे काम पुरेसे होते. लोथल येथील हडप्पाकालीन विटांचा मोठा हौद ही गोदी की सिंचनाचा तलाव, या वादात गोव्याच्या संस्थेतील राजीव निगम यांनी त्या हौदातील गाळात सागरी फोरामिनिफेरा असल्याचे 1988 मध्ये दाखवले आणि समुद्राच्या पाण्याचा तेथे शिरकाव होत असे या बाजूला बळ दिले. तेथे जीवाचे नाव आणि निवास कळणे हाच पुरावा होता. तापमान अंशांत किंवा क्षारता एककांत सांगायची तेव्हा मात्र कवचाचे रसायन वाचावे लागते. हॅरल्ड युरी याने 1947 मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार ऑक्सिजनच्या जड व हलक्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे, कवचातील प्रमाण तापमानाप्रमाणे बदलते. चेझारे एमिलियानी याने 1955 मध्ये हे तत्त्व फोरामिनिफेरांना लावून हिमयुगांचे तापमान मांडले. निकोलस शॅकल्टन याने 1967 मध्ये दाखवले की त्या बदलाचा मोठा भाग तापमानाचा नसून जमिनीवर बर्फ साठल्यामुळे समुद्राच्या पाण्यातच झालेल्या बदलाचा आहे. त्याच कवचातील मॅग्नेशियमचे प्रमाण प्रत्येक अंशाला साधारण नऊ-दहा टक्क्यांनी वाढते असे पुढे आढळल्यामुळे तापमान वेगळे काढून पाण्याचा हिशेब स्वतंत्र करणे शक्य झाले, आणि पाऊस व नद्यांच्या गोड्या पाण्याने सतत पातळ होणाऱ्या बंगालच्या उपसागरात ही जोडी विशेष उपयोगी ठरली आहे.

येथेच पेशीची निवड आडवी येते. एकाच पाण्यात, एकाच तापमानाला वाढलेल्या दोन जातींच्या कवचांत समस्थानिकांचे प्रमाण वेगळे निघते. या फरकाला जैव परिणाम म्हणतात. हॉवर्ड स्पेरो आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ऑर्बुलिना युनिव्हर्सा या जातीचे जीव प्रयोगशाळेत वाढवून असे दाखवले की तापमान तेच ठेवून पाण्यातील कार्बोनेटचे प्रमाण बदलले तरी कवचातील ऑक्सिजन व कार्बनची समस्थानिके बदलतात. याच जातीच्या भिंतीचा लेझरने थर-थर छेद घेतला असता तीत मॅग्नेशियमचे कमी-अधिक पट्टे दिसतात आणि जास्त मॅग्नेशियमचे पट्टे रात्री तयार होतात. समुद्राचे तापमान रात्रंदिवस एवढे बदलत नसल्यामुळे ही घटबढ पेशीच्या स्वतःच्या दिनक्रमाची आहे. गोव्यात राजीव सारस्वत, राजीव निगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्यावरून आणलेल्या तळवासी जाती काचपात्रांत वाढवून याच प्रश्नाची भारतीय बाजू तपासली : 2004 च्या त्यांच्या प्रयोगात रोझालिना लेई ही जाती पाऱ्याच्या संपर्कात वाढवली असता तिच्या कवचात विकृती दिसल्या, 2006 मध्ये क्षारतेचा परिणाम तपासला गेला, आणि 2011 मध्ये रोझालिना ग्लोब्युलॅरिस या जातीला वाढीसाठी मानवणारे तापमान आणि पुनरुत्पादनासाठी मानवणारे तापमान वेगवेगळे असल्याचे आढळले. या शेवटच्या निष्कर्षाचा अर्थ दूरगामी आहे, कारण मोठ्या आकाराची कवचे आणि विपुल संख्येची कवचे ही दोन्ही अनुकूल काळाची चिन्हे मानली तरी ती एकाच तापमानाची चिन्हे असतील असे गृहीत धरता येत नाही.

मोसमी वाऱ्यांच्या इतिहासाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. उन्हाळ्यात नैऋत्य वारे ओमान व सोमालियाच्या किनाऱ्यालगतचे पृष्ठजल दूर ढकलतात आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषणयुक्त पाणी वर येते. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही एरवी थंड समुद्रात राहणारी जाती त्या पाण्यात फोफावते, म्हणून गाळातील तिची टक्केवारी वाऱ्याच्या जोराची खूण ठरते. ओमानजवळच्या गाळावरून अनिल गुप्ता, डेव्हिड अँडरसन आणि जोनाथन ओव्हरपेक यांनी 2003 मध्ये दाखवले की गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत मोसमी वारे दुबळे पडलेले काळ उत्तर अटलांटिकमधील थंडीच्या काळांशी जुळतात. कारवारजवळच्या गाळावर काम करणाऱ्या निगम, नीलोय खरे आणि नायर यांनी निराळी वाट घेतली : फोरामिनिफेरांच्या लैंगिक व अलैंगिक पिढ्यांत पहिल्या कप्प्याचा आकार वेगळा असतो आणि या पिढ्यांचे प्रमाण पाण्याच्या स्थितीवर अवलंबून असते, या जीवशास्त्रीय वस्तुस्थितीचा उपयोग करून त्यांनी 1995 मध्ये अवर्षणांचे सुमारे 77 वर्षांचे आवर्तन सुचवले. दोन्ही पद्धती जीवाच्या वागण्यावर उभ्या आहेत आणि दोहोंच्या मर्यादाही तेथूनच येतात; बुलॉइडिसची टक्केवारी वाऱ्याविषयी बोलते, दिल्लीत पडलेल्या पावसाविषयी थेट बोलत नाही, कारण जोराचा वारा आणि भरपूर पाऊस यांचे नाते देशाच्या सर्व भागांत सारखे नाही.

गाळाचा काप किती जुना हे ठरवण्याच्या कामात दिल्लीही सहभागी आहे. राजधानीतील इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये त्वरक यंत्राच्या साहाय्याने किरणोत्सर्गी कार्बनचे अणू मोजले जातात, आणि या पद्धतीला काही मिलिग्रॅम कवचे पुरतात. येथेही कवच कोठे घडले हे विचारावे लागते : समुद्राच्या पाण्यातील कार्बन हवेतील कार्बनपेक्षा जुना असल्यामुळे पृष्ठजलात वाढलेले कवच सरासरी चारशे वर्षांनी म्हातारे भासते, आणि जेथे खालचे पाणी वर येते तेथे हा फरक आणखी वाढतो. म्हणजे ज्या ठिकाणी मोसमी वाऱ्याची खूण सर्वांत स्पष्ट, त्याच ठिकाणी काळाचा हिशेब अधिक जपून करावा लागतो.

वर्तमानकाळानेही या विषयाला निकड आणली आहे. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठजलाचा सरासरी सामू सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला आहे. अंक लहान असला तरी हायड्रोजन आयनांत ही सुमारे पाव हिश्शाची वाढ आहे. ‘चॅलेंजर’ मोहिमेत पॅसिफिकमधून गोळा केलेल्या कवचांची अलीकडच्या कवचांशी तुलना करणाऱ्या 2020 मधील एका अभ्यासात आजची कवचे पातळ, काही बाबतींत 76 टक्क्यांपर्यंत पातळ, असल्याचे आढळले. कवचे बनवणारे जीव हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून समुद्रतळात गाडतात, असा एक लोकप्रिय समज आहे. वास्तविक बायकार्बोनेटपासून कॅल्शियम कार्बोनेट बनताना कार्बन डायऑक्साइड मुक्त होतो, आणि कार्बन खाली नेण्याचे श्रेय मुख्यतः प्रकाशसंश्लेषणाने बनलेल्या व कवचांच्या भाराने लवकर बुडणाऱ्या सेंद्रिय द्रव्याला द्यावे लागते. कवचे पातळ झाल्यास या दोन प्रक्रियांचा तोल कोणत्या बाजूला झुकेल, हे पेशी बांधकामासाठी किती ऊर्जा खर्च करू शकते यावर अवलंबून आहे, आणि त्याचे उत्तर केवळ समुद्राच्या रसायनशास्त्रातून निघणारे नाही.

ग्रंथाची मांडणी याच क्रमाने केलेली आहे. पहिल्या भागात तिन्ही समूहांच्या कवचांची घडण, दुसऱ्यात कवचाचा पृष्ठजलापासून तळापर्यंतचा प्रवास व त्याची झीज, तिसऱ्यात प्रयोगशाळेतील पद्धती आणि चौथ्यात हिंदी महासागरातील मोसमी इतिहासाचे वाचन येते. घाईत असलेला वाचक चौथ्या भागापासून सुरुवात करू शकेल, परंतु त्यातील प्रत्येक आलेखाची भिस्त पहिल्या भागावर आहे. पारिभाषिक शब्द शक्य तेथे मराठी शास्त्रग्रंथांत रुळलेले घेतले आहेत आणि जीवांची नावे मूळ शास्त्रीय रूपात ठेवली आहेत. समुद्राच्या गाळातून हजारो वर्षांचा मान्सून उलगडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आता नियमित येतात. अशी बातमी वाचताना कवच कोणत्या जातीचे होते, ती जाती कोणत्या ऋतूत आणि किती खोलीवर वाढते, आणि तिच्या रसायनाची पडताळणी जिवंत नमुन्यांवर झाली आहे का, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय वाचकाला लागावी, एवढी अपेक्षा या ग्रंथाकडून ठेवता येईल. हे प्रश्न विचारता येऊ लागले म्हणजे बातमीतील आकड्यावर कितपत भरवसा ठेवायचा हे वाचकाला स्वतःच ठरवता येईल.

मयूर विहार, दिल्ली